दुसरे घर : विद्यार्थी, विभाग आणि समाज

(बिरवाडी येथे पदवीधर विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पदवीचे प्रमाणपत्र हा मोठ्या मानाचा कागद आहे. परंतु त्यावर फार थोडे लिहिलेले असते. नाव, विषय, श्रेणी आणि वर्ष. ज्या प्राध्यापकांनी स्वतःचे पुस्तक महिनाभर घरी नेऊ दिले, ज्या मैत्रिणीने मुसळधार पावसात शेवटची एस.टी. चुकली तेव्हा आपल्या खोलीवर ठेवून घेतले, ज्या ग्रंथपालांनी परीक्षेच्या दिवसांत वाचनालय अर्धा तास अधिक उघडे ठेवले, त्यांची नोंद त्या कागदावर नसते. व्यापाऱ्याच्या वहीत जमा झालेली रक्कम दिसते, ती ज्या विश्वासाच्या बळावर जमा झाली तो विश्वास दिसत नाही. तसेच हे आहे. म्हणून आजच्या प्रसंगी प्रमाणपत्रावर नसलेल्या या मजकुराविषयी थोडे बोलणे उचित ठरेल.

बिरवाडी हे काळ नदीच्या काठचे, वरंध घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरची मुले येथे शाळेला येतात, महाविद्यालयासाठी महाडला जातात आणि त्यांतली काही पुढे पुण्या-मुंबईची वाट धरतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारे तेच पहिले असतात. अशा विद्यार्थ्याच्या मनात पहिल्या दिवशी जो प्रश्न येतो तो अभ्यासक्रमाचा नसतो. येथे आपले कोण आहे, हा तो प्रश्न असतो. त्याचे उत्तर ज्याला लवकर मिळते त्याचे शिक्षण सुरळीत होते. ज्याला मिळत नाही तो बुद्धिमान असूनही कित्येकदा अर्ध्यावरून परत येतो. घरापासून दूर, अनोळखी लोकांत, एखादा विभाग विद्यार्थ्याचे दुसरे घर कसा होतो आणि त्या घराचे ऋण विद्यार्थ्याने कसे फेडावे, याचे एक थोर उदाहरण आपल्या महाडशी कायमचे जोडले गेले आहे. महाड म्हटले की डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव येते आणि चवदार तळे डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु त्या तळ्याकडे निघालेली वाट न्यूयॉर्कमधील एका विद्यापीठातूनही येते, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

गोणपाटाच्या तुकड्यापासून

आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे हे मंडणगड तालुक्यातले, म्हणजे आपल्या शेजारचेच. साताऱ्याच्या शाळेत बसण्यासाठी लहानग्या भीमरावांना घरून गोणपाटाचा तुकडा न्यावा लागे. तहान लागली तर स्वतः पाण्याला हात लावण्याची मुभा नव्हती. कोणी वरून ओतले तर पाणी मिळे, नाही तर तहान तशीच राही. संस्कृत शिकण्याची इच्छा होती, पण ते शिकवण्यास नकार मिळाल्यामुळे फारसी घ्यावी लागली. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्रा. म्युलर यांच्यासारखे पुस्तके आणि कपडे देणारे सहृदय शिक्षक भेटले; तथापि महाविद्यालयातील उपाहारगृहाचा चालक त्यांना चहा किंवा पाणी देत नसे. येथेच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्यांना शिक्षण मिळत होते, गुण मिळत होते, एखादा प्रेमळ गुरूही मिळत होता. परंतु सोबत मिळत नव्हती. सर्वांच्या पंक्तीत बसण्याचा अधिकार मिळत नव्हता. एका माणसाची दया आणि अनेकांची सोबत या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

सन १९१२ मध्ये ते बी.ए.ची परीक्षा उत्तीर्ण झाले. पुढील वर्षाच्या आरंभी वडील निवर्तले. त्यानंतर बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि जुलै १९१३ मध्ये बावीस वर्षांचे भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले.

न्यूयॉर्कमधील तीन वर्षे

कोलंबिया विद्यापीठात आल्यावर ते प्रथम हार्टले हॉल या वसतिगृहात उतरले. तेथील जेवण मानवले नाही म्हणून काही दिवस कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये राहिले आणि नंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर एका खोलीत राहू लागले. खोलीतला हा सोबती पुढे आयुष्यभराचा मित्र झाला. ज्या तरुणाला मायदेशी भाड्याचे घर मिळणे दुरापास्त होते, त्याला परदेशात खोली मिळाली, सोबती मिळाला, एका मेजावर जेवण मिळाले. आल्यानंतर थोड्याच दिवसांत, ऑगस्ट १९१३ मध्ये, त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्यांना पत्र लिहून मुलांच्या बरोबरीने मुलींनाही शिक्षण दिले तर आपली प्रगती अधिक वेगाने होईल, असा विचार कळवला. स्वतःला जे मिळू लागले होते ते लगेच इतरांसाठी मागावे, ही वृत्ती या पहिल्याच पत्रात दिसते.

अभ्यासाचा त्यांचा आवाका पाहिला म्हणजे थक्क व्हायला होते. तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. शिवाय फ्रेंच आणि जर्मन या भाषांचा प्रत्येकी एक. दिवसाचे अठरा तास वाचन चाले. शिष्यवृत्तीतून घरी पैसे पाठवायचे आणि उरलेल्यांत भागवायचे, त्यामुळे जेवणाची काटकसर होई. पण जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार ग्रंथ त्यांनी जमवले. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले.

तथापि अभ्यासक्रमांच्या संख्येपेक्षा त्या विभागांतील वातावरण महत्त्वाचे होते. अर्थशास्त्राच्या विभागात प्रा. एडविन सेलिग्मन होते. त्यांचा विषय सार्वजनिक अर्थव्यवहाराचा, म्हणजे सरकारच्या करांचा आणि खर्चाचा. तत्त्वज्ञानात जॉन ड्यूई होते, इतिहासात जेम्स शॉटवेल आणि जेम्स हार्वे रॉबिन्सन. या विभागांत सेमिनार नावाची पद्धत होती. आपल्याकडे वर्ग म्हणजे एक जण बोलणार आणि बाकीचे उतरवून घेणार. सेमिनारमध्ये विद्यार्थी स्वतः अभ्यास करून निबंध वाचतो, सहाध्यायी त्यावर प्रश्न विचारतात, शिक्षक चर्चेला वळण देतात. त्या बैठकीत वयाने लहान असलेल्याचे म्हणणेही आधारासह मांडले तर ऐकून घेतले जाते.

अशाच एका बैठकीत, ९ मे १९१६ रोजी, मानववंशशास्त्राचे प्राध्यापक अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. जात कशी चालते, कशी निर्माण झाली आणि कशी पसरली, हा त्याचा विषय. पुढील वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात छापला गेला. त्यातील प्रतिपादनाचा सारांश असा की जात म्हणजे आपल्याभोवती कुंपण घालून घेतलेला वर्ग होय, आणि आपल्यातल्या आपल्यातच विवाह करण्याचा नियम हे ते कुंपण टिकवण्याचे साधन आहे. एका गटाने दार लावून घेतले की शेजारच्यालाही लावून घ्यावे लागते आणि बघता बघता साऱ्या गावाची दारे बंद होतात.

या प्रसंगाचा अर्थ शांतपणे विचारात घेण्यासारखा आहे. बंद दाराच्या समाजाविषयीचा निबंध उघड्या दाराच्या समाजात वाचला जात होता. ज्या गोष्टीने त्यांचे बालपण पोळले, ती गोष्ट केवळ दुःख म्हणून नव्हे, तर ज्ञानाचा विषय म्हणून मांडण्याची संधी त्या विभागाने दिली. विद्यार्थ्याला विभाग देऊ शकेल असे याहून मोठे दान कोणते? आपला अनुभव लपवण्याची वस्तू नसून अभ्यासण्याची वस्तू आहे, हा विश्वास तेथे मिळतो.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. अमेरिकेत भेदभाव नव्हता असे मुळीच नाही. त्याच वर्षांत तेथील दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय नागरिकांच्या शाळा वेगळ्या होत्या, आगगाडीचे डबे वेगळे होते, उपाहारगृहे वेगळी होती. सारांश, देश आदर्श होता म्हणून तो विभाग घर झाला असे नाही. काही शिक्षकांनी आणि काही सहाध्यायांनी आपल्या चार भिंतींत वेगळी रीत पाळली म्हणून तो घर झाला. हे ध्यानात घेतले तर आपल्यासारख्या लहान गावालाही धीर येतो. कारण देश बदलणे हाती नसले तरी आपल्या चार भिंतींतली रीत आपल्या हाती असते.

या दिवसांविषयी बाबासाहेबांनी स्वतः काय म्हटले आहे? १९३० मध्ये कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात त्यांनी लिहिले, की आयुष्यात लाभलेले सर्वोत्तम मित्र म्हणजे कोलंबियातील काही सहाध्यायी आणि ड्यूई, शॉटवेल, सेलिग्मन व रॉबिन्सन हे थोर प्राध्यापक. शिक्षकांची गणना त्यांनी मित्रांत केली, हे विशेष. १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्मान्य पदवी देण्यासाठी बोलावले तेव्हा वृद्ध ड्यूईंची भेट होईल अशी त्यांना फार आशा होती. परंतु ते प्रवासात असतानाच ड्यूई निवर्तले. न्यूयॉर्कहून पत्नी सविताबाईंना लिहिलेल्या पत्रात, आपले सारे बौद्धिक जीवन या गुरूंचे देणे आहे, अशा आशयाची कबुली त्यांनी दिली. घटनेचा मसुदा तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद भूषवलेला, एकसष्ट वर्षांचा तो ज्ञानी पुरुष आपल्या गुरूच्या आठवणीने विद्यार्थ्यासारखा हळवा झाला.

त्याच काळातील महाड

आता दृष्टी आपल्या तालुक्याकडे वळवू. आंबेडकर न्यूयॉर्कला शिकत होते त्याच सुमारास, १९१४ च्या आसपास, महाड तालुक्यातील एक अकरा वर्षांचा मुलगा शिष्यवृत्तीची परीक्षा उत्तीर्ण झाला. त्याचे नाव रामचंद्र बाबाजी मोरे. जन्म १९०३ मधला, लाडवलीचा. प्राथमिक शिक्षण दासगावचे. शिष्यवृत्ती मिळाली, पण महाडच्या इंग्रजी शाळेने जातीमुळे प्रवेश नाकारला. त्या अन्यायाला वृत्तपत्रातील पत्राने वाचा फुटली तेव्हा प्रवेश मिळाला, परंतु वर्गाच्या बाहेर बसून शिकावे लागले.

एकाच काळातील ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. एक तरुण सातासमुद्रापलीकडे बैठकीच्या मेजाशी बसून निबंध वाचतो आहे. दुसरा, त्याच्यासारखाच हुशार मुलगा, आपल्याच तालुक्याच्या गावी वर्गाबाहेर बसला आहे. गुणांत फरक नव्हता, दारांत होता. आणि पुढे याच मुलाने, तरुणपणी मुंबईत आंबेडकरांची भेट घेऊन, त्यांनी महाडला यावे असा आग्रह धरला.

पाण्याचा माठ आणि चवदार तळे

शिक्षण घेऊन आंबेडकर १९१७ मध्ये बडोद्यास नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना आणि कचेरीतला शिपाई कागद दुरून टाकी. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९१३ मध्ये स्थापन झालेले हे महाविद्यालय म्हणजे वाणिज्य शिक्षणाची गंगोत्री. बाबासाहेबांचे व्याख्यान ऐकायला इतर महाविद्यालयांतील विद्यार्थी येऊन बसत, इतकी त्यांची कीर्ती झाली. परंतु प्राध्यापकांच्या खोलीतील माठातून त्यांनी पाणी प्यावे याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली.

विभाग हाच शब्द, प्राध्यापक हीच पदवी, विषयही तोच. पण एका ठिकाणी घर झाले आणि दुसऱ्या ठिकाणी झाले नाही. विद्यार्थ्यांनी आपले मानले, सहकाऱ्यांनी मानले नाही. विद्वत्तेने दार उघडतेच असे नाही, आणि एका माठातले पाणी नाकारले की मोठमोठ्या ग्रंथांचे ज्ञान फुकट जाते, हे त्या खोलीत सिद्ध झाले. मार्च १९२० मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली आणि अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनची वाट धरली. त्या प्रवासाला छत्रपती शाहू महाराजांनी साहाय्य केले आणि पाच हजार रुपये कर्जाऊ दिले ते नवल भथेना यांनी, लिव्हिंग्स्टन हॉलमधल्या त्याच सोबत्याने. वसतिगृहातली मैत्री सात वर्षांनी अशी उभी राहिली.

यापुढचा इतिहास महाडकरांना ठाऊक आहे. तरी तो या दृष्टीने पुन्हा पाहावा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचे धोरण मुंबई विधिमंडळाने स्वीकारले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्यानुसार ठराव केला. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधरपंत सहस्रबुद्धे अशी निराळ्या जातींची मंडळी मोऱ्यांसारख्या तरुणांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी परिषद भरली. तीसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते, अशी नोंद आहे. ज्या गावात तळे भरलेले होते तेथे पाणी विकत घ्यावे लागले! २० मार्च रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन ओंजळीने पाणी घेतले. मागाहून हल्ला झाला, तळ्याचे शुद्धीकरण झाले, नगरपालिकेचा ठरावही मागे घेतला गेला. डिसेंबर १९२७ च्या दुसऱ्या परिषदेच्या वेळी महाडच्या व्यापाऱ्यांनी परिषदेला माल न विकण्याचे ठरवले, त्यामुळे धान्य बाहेरून आणावे लागले. मंडपासाठी हिंदू मालकाची जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तळे सर्वांसाठी खुले असल्याचा निर्णय कायम केला.

व्यापारीवर्गाच्या सभेत डिसेंबर १९२७ ची ती गोष्ट झाकून ठेवणे योग्य नव्हे. दुकान हे सार्वजनिक ठिकाण आहे. दाराशी आलेल्या गिऱ्हाइकाला माल नाकारणारा तराजू खोटा असतो, मग त्याची वजने कितीही खरी असोत. पूर्वजांच्या पुण्याईचा आपण अभिमान बाळगतो. त्यांची चूकही आपल्याच वहीत लिहिलेली असते आणि ती फेडण्याचे काम पुढच्या पिढीवर येते.

आणखी एक योगायोग सांगण्याजोगा आहे. कोलंबियासाठी लिहिलेला आंबेडकरांचा प्रबंध १९२५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, त्याला सेलिग्मन यांनी प्रस्तावना लिहिली, आणि पीएच.डी. ही पदवी त्यांना रीतसर मिळाली ती १९२७ मध्येच. न्यूयॉर्कच्या विभागाने ज्या वर्षी त्यांच्या नावापुढे पदवी लावली, त्याच वर्षी महाडला त्यांनी त्या विभागात अनुभवलेली समता आपल्या लोकांसाठी मागितली.

ऋण फेडण्याची रीत

आपल्याला मिळालेले घर त्यांनी स्वतःपुरते ठेवले नाही. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी सोलापूरला वसतिगृह निघाले. शाळेआधी वसतिगृह काढावे, यामागे स्वानुभव होता. राहायला आपले ठिकाण नसेल तर शिकायला मिळालेली जागा टिकत नाही. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि दिवसा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग चालवण्यात आले. विद्यार्थ्याने महाविद्यालयाच्या सोयीने जगावे अशी अपेक्षा न करता महाविद्यालयाने विद्यार्थ्याच्या सोयीने चालावे, हा विचार त्या काळी नवा होता.

१९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय निघाले. त्याला पुढे मिलिंद हे नाव दिले गेले आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद हा भिक्षू नागसेनांना प्रश्नामागून प्रश्न विचारणारा आणि पटल्यावर ते मोकळेपणाने मान्य करणारा राजा. महाविद्यालयाला प्रश्न विचारणाऱ्याचे नाव द्यावे, यातच सेमिनारच्या त्या बैठकीची आठवण आहे असे म्हणता येईल. याच मिलिंद महाविद्यालयातील मराठीचे प्राध्यापक गंगाधर पानतावणे यांनी १९६८ मध्ये ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक सुरू केले. ज्यांच्या घरात कोणी कधी लिहिले नव्हते अशा तरुणांनी त्यात आपले जगणे लिहिले, आणि ‘अस्मितादर्श’च्या लेखक-वाचक मेळाव्यांतून ते एकमेकांना भेटले. मराठी साहित्याला त्यातून नवे दालन मिळाले.

आणि १९६१ मध्ये, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर पाच वर्षांनी, त्याच संस्थेने महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय सुरू केले. ज्या गावात एक शिष्यवृत्तीधारक मुलगा वर्गाबाहेर बसला होता, त्या गावात आता वर्गांची दारे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी उघडी झाली. बिरवाडीच्या, वरंधच्या, पोलादपूरच्या मुलांना घाट किंवा खाडी न ओलांडता पदवी घेण्याची सोय झाली, ती ज्या ज्ञानयात्रेमुळे, तिचा एक मुक्काम न्यूयॉर्कमध्ये होता हे विसरू नये.

आपल्या गावापुरते

आता या साऱ्या इतिहासातून आपल्यापुरते काय घ्यावयाचे? समाज या शब्दाला आपल्याकडे दोन अर्थ आहेत. एक समाज जन्माने मिळतो. तो आपल्याला नाव देतो, संस्कार देतो, अडचणीत धावून येतो. पन्नास वर्षे एखादी संस्था चालवण्याचे बळही त्याच्यातच असते. त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. दुसरा समाज ज्ञानाच्या निमित्ताने जमतो. तेथे कोण कोठून आला हे न पाहता तो काय विचारतो हे पाहिले जाते. पहिला समाज म्हणजे उभा धागा आणि दुसरा म्हणजे आडवा. नुसत्या उभ्या धाग्यांचे कापड होत नाही, हे या सभेला समजावून सांगण्याची गरज नाही. जन्माच्या समाजाने आपल्या मुलांना दुसऱ्या समाजात आनंदाने पाठवावे, आणि त्या दुसऱ्या समाजातील कोणी आपल्या दाराशी आला तर त्यालाही आत घ्यावे, तरच वीण घट्ट बसते.

विभाग घर कसा होतो, याचे उत्तर खर्चिक नाही. कोणीतरी विद्यार्थ्याला नावाने ओळखावे. दोन तासांच्या मधल्या वेळात बसायला त्याला हक्काची जागा असावी. त्याचा प्रश्न हसण्यावारी नेला जाऊ नये. आणि तो चार दिवस आला नाही तर कोणीतरी चौकशी करावी. या चार गोष्टींपैकी एकीलाही सरकारी मंजुरी लागत नाही. वाडीवरून पहाटे निघून एस.टी.ने महाडला जाणारी मुलगी, जिच्या घरी तिच्या विषयाचे नावही कोणाला उच्चारता येत नाही, ती तीन वर्षे टिकते ती या चार गोष्टींच्या आधारावर.

गावातील संस्थांनाही येथे बरेच करता येईल. वह्यावाटप आणि पारितोषिके चालू राहावीतच. परंतु गुणवंताचे कौतुक निकालानंतर होते आणि आधाराची गरज निकालाआधी असते. प्रवासाचा पास, परीक्षेच्या काळात महाडला राहण्याची सोय, संध्याकाळी उघडी राहणारी एखादी अभ्यासिका, आणि शहरात शिकायला गेलेल्या मुलाला तेथील आपल्या परिचितांचा पत्ता देणे, ही कामे लहान दिसतात. दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देताना सयाजीरावांना तिचे फळ काय येईल हे ठाऊक नव्हते. पाच हजार रुपये देताना भथेनांनाही ठाऊक नव्हते. अशी मदत करताना अर्जावरील आडनाव पाहून हात आखडता घेतला जाऊ नये, एवढीच प्रार्थना आहे. तसे झाले तर १९२७ मधील त्या न विकलेल्या धान्याची थोडीफार भरपाई बिरवाडीच्या पेठेकडून होईल.

विद्यार्थिमित्रांनो, आज तुमचा विभाग सुटला. तुमच्यातील काही नोकरीला लागतील, काही पुढे शिकतील, काही घरचे दुकान किंवा शेती सांभाळतील. जेथे जाल तेथे नवे सहकारी भेटतील आणि कधी तुम्हीच नवखे ठराल. तेव्हा आपल्या विभागाची आठवण ठेवा आणि ज्यांची नावे प्रमाणपत्रावर नाहीत त्यांना एखादे पत्र लिहा, दूरध्वनी करा. बाबासाहेबांसारखा पुरुष एकसष्टाव्या वर्षी गुरूचे ऋण मान्य करतो, तर आपल्याला त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

आणि एक छोटेसे काम अवश्य करा. येत्या जूनमध्ये पाऊस सुरू होईल, काळ नदी भरून वाहू लागेल आणि बिरवाडीच्या थांब्यावर नव्या वर्षाची मुले छत्री सावरत महाडच्या गाडीची वाट पाहत उभी राहतील. त्यांतले एखादे ओळखीचे नसलेले मूल निवडा. कोणता विभाग कोठे आहे, कोणते सर समजावून सांगतात, ग्रंथालयाचे कार्ड कसे काढायचे, हे त्याला सांगा. शक्य झाले तर पहिल्या दिवशी त्याच्याबरोबर दारापर्यंत जा.

आपणा सर्व पदवीधरांना पुढील आयुष्यासाठी मनःपूर्वक शुभेच्छा.